बरोबरीत सुटलेला रविवार

आमच्या क्लबाचा सामना रविवारी असला, तरी त्याची खरी धावपळ शनिवारी रात्रीच सुरू होते. सकाळपर्यंत ‘नक्की येतो’ म्हणणाऱ्या चौदा जणांपैकी रात्री दहानंतर एकाचे पाहुणे येतात, दुसऱ्याची पाठ धरते आणि तिसऱ्याला अचानक मुलाची सोमवारची परीक्षा आठवते. शेवटी अकरा जण जमले, की कर्णधार निश्चिंतपणे झोपतो. वयाने सोळापासून साठीपर्यंत पसरलेली, कचेऱ्या, दुकाने, दवाखाने आणि महाविद्यालये सांभाळून खेळणारी ही मंडळी ऑक्टोबरपासून मेपर्यंत आठवड्याच्या अखेरीस पस्तीस षटकांचे मैत्रीपूर्ण सामने खेळतात. पावसाळ्यात मुंबईची मैदाने कांगा लीगची असतात. डॉ. एच. डी. कांगा यांच्या नावाने 1948 साली सुरू झालेली ही स्पर्धा उंच गवतात आणि ओल्या खेळपट्टीवर खेळणाऱ्यांची. आमच्यासारख्यांनी त्या दिवसांत प्रेक्षक होऊन छत्रीखाली उभे राहावे हेच बरे.

आझाद मैदानावर जो कधी खेळला नाही, त्याला तिथल्या रविवारची कल्पना सांगून येत नाही. शेजारीशेजारी आखलेल्या खेळपट्ट्यांवर एकाच वेळी अनेक सामने चालतात आणि त्यांच्या सीमारेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात. आमचा डीप मिडविकेट दुसऱ्या कुणाच्या तरी स्लिपपासून हाताच्या अंतरावर उभा असतो. ‘बॉल!’ अशी आरोळी आली, की चारही दिशांचे क्षेत्ररक्षक मान खाली घालून डोके वाचवतात आणि मग चेंडू कुणाचा याचा शोध लागतो. त्यात पुन्हा दुसऱ्या सामन्यातील एखादा सज्जन आपल्याकडे आलेला चेंडू सवयीने अडवून परत फेकतो, आणि चौकार होता की दोन धावा होत्या, यावर पुढची पाच मिनिटे जातात. या सगळ्यात धावसंख्या अचूक लिहिणे हे काम माझ्याकडे आहे. गुडघ्यांनी खेळण्याला नकार दिल्यापासून मी क्लबाचे स्कोअरबुक सांभाळतो आणि प्रतिस्पर्ध्यांच्या स्कोअरर शेजारी, एकाच बाकावर, एकाच छत्रीच्या सावलीत बसतो.

जानेवारीतील एका रविवारी आमचा सामना एका बँकेतील कर्मचाऱ्यांच्या संघाशी होता. त्यांनी नाणेफेक जिंकून पहिली फलंदाजी घेतली आणि पस्तीस षटकांत 8 बाद 168 धावा केल्या. आमच्या डावाचे शेवटचे षटक सुरू झाले तेव्हा फलकावर 8 बाद 160 लागले होते आणि जिंकायला नऊ धावा हव्या होत्या. पहिल्या चेंडूवर एक धाव निघाली, दुसरा वाया गेला, तिसऱ्यावर बॅटची वरची कड लागून चेंडू यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून थर्डमॅनच्या दिशेने सीमेपार गेला. त्यानंतरचा चेंडू पायाच्या बाजूने बराच बाहेर पडला आणि पंचांनी दोन्ही हात पसरून वाइड दिला. पंच आमच्याच संघातला, नुकताच बाद होऊन पॅड सोडून उभा राहिलेला खेळाडू होता हे येथे सांगायला हवे, कारण मैत्रीपूर्ण सामन्यांत फलंदाजी करणाऱ्या संघानेच पंच पुरवायचे असतात. बँकेचा कर्णधार त्याच्याकडे एकदा पाहून परत आपल्या जागी गेला. त्यावर पुढे एक धाव, मग एक चेंडू वाया, आणि शेवटच्या चेंडूवर जिंकायला दोन हव्या असताना लाँगऑनकडे मारलेल्या फटक्यावर एक धाव पूर्ण झाली, दुसरीसाठी दोघेही जिवाच्या आकांताने धावले आणि यष्टिरक्षकाने बेल्स उडवल्या तेव्हा आमचा फलंदाज क्रीजपासून वीतभर बाहेर होता. 9 बाद 168.

सगळे धावत बाकाकडे आले. ‘काका, नक्की किती?’ हा प्रश्न दोन्ही संघांनी एकाच वेळी विचारला, आणि आम्ही दोघांनी वही उघडून ताळा घ्यायला सुरुवात केली. ज्यांनी स्कोअरबुक कधी हाताळले नाही त्यांच्यासाठी सांगतो, की एकच धावसंख्या वहीत निरनिराळ्या वाटांनी येते आणि त्या सर्व वाटा एका आकड्यावर मिळायला हव्यात. फलंदाजांच्या नावांपुढील धावांची बेरीज आणि अवांतर धावा मिळून एक आकडा होतो. गोलंदाजांनी दिलेल्या धावांची बेरीज दुसरीकडे होते, पण तिच्यात बाय आणि लेगबाय, म्हणजे चेंडू बॅटला न लागता पळून काढलेल्या धावा, येत नाहीत, कारण त्यांचा भार गोलंदाजावर टाकत नाहीत. वाइड आणि नोबॉल मात्र त्याच्याच माथी येतात. तिसरा आकडा असतो धाव होताच क्रमाने एकेक अंक खोडत नेलेल्या पट्टीचा. बँकेच्या डावात फलंदाजांच्या 147 धावा होत्या आणि 21 अवांतर: बारा वाइड, दोन नोबॉल, चार बाय, तीन लेगबाय. म्हणजे आमच्या गोलंदाजांच्या खात्यांची बेरीज 161 यायला हवी होती आणि ती 161 आली. आमच्या डावात फलंदाजांच्या 154 आणि 14 अवांतर, त्यांपैकी बाय व लेगबाय मिळून चार, म्हणून त्यांच्या गोलंदाजांची बेरीज 164. तीही जुळली. दोन्ही वह्या, दोन्ही डाव, सारे 168. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला आणि सामना बरोबरीत सुटल्याचे जाहीर केले.

येथून पुढचा अर्धा तास मला सामन्यापेक्षाही उद्बोधक वाटला. सकाळी नाणेफेकीच्या वेळी दोन्ही कर्णधारांनी षटके, पॉवरप्ले, जेवणाची सुट्टी आणि पायचीत देऊ नये हे ठरवले होते. धावा सारख्या झाल्या तर काय, हे कुणाच्या डोक्यातही आले नव्हते. बँकेच्या संघातील एका ज्येष्ठाने पहिला दावा मांडला: आमचे आठ गडी बाद झाले, तुमचे नऊ, म्हणून आम्ही जिंकलो. त्याला आधार होता, कारण 20 मार्च 1987 रोजी हैदराबादच्या एकदिवसीय सामन्यात भारत आणि पाकिस्तान या दोघांच्याही 212 धावा झाल्या असताना, भारताचे सहा आणि पाकिस्तानचे सात गडी बाद झाल्यामुळे भारताला विजयी ठरवले होते. तोही सामना शेवटच्या चेंडूवर दुसरी धाव घेताना अब्दुल कादिर धावचीत होऊन संपला होता. आमच्या संघातील महाविद्यालयीन पोराने लगेच उत्तर दिले, की 2019 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना चौकारांवर ठरला, तेव्हा चौकार-षटकार मोजा. मी मोजले. आमचे सतरा होते आणि त्यांचे तेरा. तिसऱ्याने सांगितले, की हंगामाच्या सुरुवातीला बँकेनेच आम्हाला हरवले होते, म्हणून मान त्यांचा. 1999 च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, दक्षिण आफ्रिकेच्या क्लुसनर आणि डोनाल्ड यांच्या त्या धावचीतनंतर दोन्ही संघ 213 वर थांबले असताना, त्याआधीच्या सुपर सिक्स फेरीतील वरच्या क्रमांकावर ऑस्ट्रेलिया अंतिम फेरीत गेली, ती साधारण याच तर्काने.

म्हणजे त्याच दिवसाला, त्याच वहीला, त्याच 168 आणि 168 ला कसोटी बदलताच विजेता बदलत होता. गडी मोजले तर बँक, चौकार मोजले तर आम्ही, मागचा निकाल पाहिला तर पुन्हा बँक. यावरून माझे मत जे आधी नुसते आवडीचे होते ते पक्के झाले: सामना संपल्यावर शोधलेली कसोटी कोण चांगले खेळले हे सांगत नाही, ती फक्त कुणाला तरी पुढे पाठवते. चौकार जास्त मारणारा संघ उरलेल्या चेंडूंवर तितकाच कमी खेळलेला असतो, कारण बेरीज सारखीच आहे. गडी कमी गमावणाऱ्याने हातातील फलंदाज न वापरताच ठेवले, हा मर्यादित षटकांत गुण कसा मानावा, हेही मला कळत नाही. 14 जुलै 2019 रोजी लॉर्ड्सवर इंग्लंड आणि न्यूझीलंड यांच्या 241-241 धावा झाल्या, प्रत्येकी एका षटकाच्या सुपर ओव्हरमध्ये पुन्हा 15-15 झाल्या, आणि 26 विरुद्ध 17 अशा चौकार-षटकारांच्या संख्येने विश्वचषक इंग्लंडकडे गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात आयसीसीने तो नियम काढून टाकला, यातच त्याचे मूल्यमापन आले.

क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीच्या नियमावलीतील मूळ विचार अधिक स्वच्छ आहे. सर्व डाव पूर्ण झाले आणि धावा समान असल्या, तर सामना बरोबरीत. डाव पूर्ण होण्याआधी वेळ संपली, तर धावा समान असोत वा नसोत, सामना अनिर्णित. हा फरक पुस्तकी वाटतो, परंतु आमच्या वानखेडेवर तो डोळ्यांदेखत घडलेला आहे. नोव्हेंबर 2011 मध्ये वेस्ट इंडीजने 590 आणि 134 धावा केल्या, भारताने पहिल्या डावात 482, आणि शेवटच्या दिवशी 243 चे लक्ष्य गाठताना शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या. अश्विनने चेंडू लाँगऑनकडे मारला, एक धाव पूर्ण केली आणि दुसरीसाठी धावताना तो बाद झाला. भारत 9 बाद 242. दोन्ही संघांची एकूण बेरीज 724. तरीही तो कसोटी सामना अनिर्णित म्हणून नोंदला गेला, कारण भारताचा एक गडी शिल्लक होता आणि डाव संपलेला नव्हता. आमचा सामना षटकांऐवजी वेळेच्या मर्यादेत खेळायचा असता, तर आमच्याही त्या धावचीताने नेमका तोच निकाल दिला असता. पस्तीस षटके हीच डावाची मर्यादा असल्यामुळे आमचा डाव पूर्ण झाला होता, नववा गडी बाद झाला की दहावा याने काही बिघडत नव्हते.

कसोटी क्रिकेटमध्ये खरी बरोबरी अडीच हजारांहून अधिक सामन्यांत दोनदाच झाली आहे. पहिली ब्रिस्बेनला, 14 डिसेंबर 1960 रोजी. वेस्ट इंडीज 453 आणि 284, ऑस्ट्रेलिया 505 आणि 232. त्या काळी ऑस्ट्रेलियात आठ चेंडूंचे षटक असे, आणि वेस्ट इंडीजच्या वेस हॉलने शेवटचे षटक सुरू केले तेव्हा ऑस्ट्रेलियाला सहा धावा हव्या होत्या व तीन गडी हातात होते. अर्धशतक करून खेळणारा बेनॉ दुसऱ्याच चेंडूवर यष्टींमागे झेल देऊन गेला. त्यानंतर एक बाय निघाली, कारण हॉलने यष्टींवर केलेली फेक चुकली. मग ग्राउटचा उंच उडालेला झेल स्वतः हॉलच्या हातून सुटला. मग मेकिफच्या फटक्यावर दोन धावा निघून बरोबरी झाली आणि विजयाच्या तिसऱ्या धावेसाठी ग्राउट धावत असताना सीमेजवळून आलेल्या हंटच्या फेकीने तो बाद झाला. शेवटी सातव्या चेंडूवर जो सॉलोमनने स्क्वेअरलेगच्या बाजूने, जेथून त्याला जवळजवळ एकच यष्टी दिसत असावी, थेट फेक करून मेकिफला धावचीत केले. मैदानावरच्या काही खेळाडूंनाही निकाल काय लागला हे लगेच उमगले नव्हते. रेडिओचा नामवंत समालोचक ॲलन मॅकगिलव्हरे तर शेवटची रंगत येणार नाही असे समजून आधीच विमानाने सिडनीला निघून गेला होता. आमच्याकडे चर्चगेटची जलद गाडी पकडण्यासाठी तिसाव्या षटकानंतर निघून जाणारे जे सभासद आहेत, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

त्या षटकाची गोष्ट सांगताना सारे सॉलोमनपाशी थांबतात. मला मात्र त्या चुकलेल्या फेकीची बाय अधिक मोलाची वाटते, आणि तिच्याहीपेक्षा पहिल्या दिवसाच्या सकाळी, कुणाचे लक्षही नसताना, कुठेतरी सुटलेली एखादी लेगबाय. चार डावांत मिळून 1474 धावा झाल्या आणि त्यांपैकी कुठलीही एक इकडची तिकडे झाली असती, तर तो सामना एखाद्या साध्या रोमहर्षक विजयाच्या यादीत गेला असता. सामना एका धावेने हरला तर दोष शेवटच्या फलंदाजाला लागतो. 1991 च्या रणजी अंतिम सामन्यात, याच वानखेडेवर, हरियाणाविरुद्ध मुंबई दोन धावांनी हरली तेव्हा लक्षात राहिले ते वेंगसरकरांचे नाबाद शतक आणि कुरुविलाचे धावचीत होणे, पहिल्या डावात पडलेले 112 धावांचे अंतर नव्हे. बरोबरीत मात्र दोष वाटला जातो. त्या रविवारीही तेच झाले. बँकेच्या सलामीच्या फलंदाजाला आपण अकराव्या षटकात आळसाने सोडलेली दुसरी धाव आठवली, आमच्या यष्टिरक्षकाला पायांमधून गेलेली बाय, आणि शेजारच्या सामन्यातील त्या सज्जनाने अडवलेला आमचा एक फटका तर तिघांनी तीन वेगवेगळ्या षटकांत घडल्याचे सांगितले. वहीप्रमाणे तो एकोणिसाव्या षटकात होता. त्या वाइडचे काय, हे कुणीही बोलले नाही. आमच्या गोलंदाजांनी बारा टाकले होते आणि त्यांच्यांनी नऊ, म्हणून त्या विषयाला हात घालण्यात कुणाचाच फायदा नव्हता.

दुसरी बरोबरी मद्रासची. 22 सप्टेंबर 1986 रोजी चेपॉकच्या उकाड्यात भारताला ऑस्ट्रेलियाविरुद्ध 348 धावांचे लक्ष्य होते. गावसकरांनी 90 केल्या, आणि अखेरच्या षटकात चार धावा हव्या असताना रवी शास्त्रीने दोन आणि मग एक घेऊन धावसंख्या बरोबर केली. पराभव टळला, पण त्या एका धावेने शेवटचा फलंदाज मणिंदर सिंगला गोलंदाज ग्रेग मॅथ्यूजच्या समोर आणून उभे केले. एक चेंडू त्याने अडवला. पुढच्याला, सामन्याचा एकच चेंडू शिल्लक असताना, पंच विक्रमराजू यांनी त्याला पायचीत दिले. बॅट आधी लागली होती की नाही, यावर चाळीस वर्षे वाद चालू आहे. आमच्या सामन्यांत पायचीत देतच नाहीत, त्यामुळे चेपॉकसारखा शेवट आमच्याकडे होऊ शकत नाही; ज्यांना ही पद्धत पोरकट वाटते, त्यांनी स्वतःच्या संघमित्राला शेवटच्या षटकात बोट वर करायला सांगून पाहावे.

आमच्या कर्णधाराचा, जो वयाने माझ्या निम्मा आहे, सुपर ओव्हरचा आग्रह होता. त्याचे म्हणणे असे, की लोक निकाल पाहायला येतात आणि बरोबरी म्हणजे अर्धवट सोडलेले काम. त्याच्या पिढीने 2007 मध्ये डरबनला भारत-पाकिस्तान सामना 141-141 वर थांबल्यानंतर सेहवाग, हरभजन आणि उथप्पा यांनी रिकाम्या यष्टींवर चेंडू मारून मिळवलेला विजय लहानपणी पाहिला. त्यानंतरच्या वर्षी सुपर ओव्हर आली आणि ती दूरचित्रवाणीला मानवली. मला त्याचे म्हणणे पटत नाही. सुपर ओव्हर हा सामन्याचा शेवट नसून त्याच कपड्यांत खेळलेला दुसरा, अगदी छोटा सामना आहे, आणि त्यात दिवसभर खपलेल्या बावीस जणांपैकी सात-आठ जणांनाच काम असते. ज्याने सकाळी सात षटके नेटाने टाकून अठरा धावा दिल्या, त्या आमच्या फिरकी गोलंदाजाचा संपूर्ण दिवस त्या सहा चेंडूंनी पुसून का काढावा? शिवाय बँकेच्या वेगवान गोलंदाजाने तोवर बूट काढून पाय पाण्यात घातले होते, आणि माळीकाका खेळपट्टीवर पाणी मारायला पाइप घेऊन उभे होते. त्यांनीच खरे तर वाद मिटवला.

बाद फेरीच्या स्पर्धेत कुणीतरी एक पुढे जायलाच हवा, हे मान्य आहे. तेथेही माझी पसंती गडी किंवा चौकार मोजण्याला नाही. चषक दोघांत वाटता येत असेल तर वाटावा, पुढच्या फेरीचा प्रश्न असेल तर उजेड असेतो सुपर ओव्हर खेळावी, आणि उजेड नसेल तर चिठ्ठी टाकावी. चिठ्ठीने जाणाऱ्याला आपण जास्त चांगले खेळलो असा भ्रम तरी होत नाही. क्लबाच्या बैठकीत मी ही सूचना लेखी दिली. मैत्रीपूर्ण सामना बरोबरीत सुटल्यास तो बरोबरीतच नोंदवावा, हे कलम एकमताने मंजूर झाले. चिठ्ठीचे कलम दोन मतांनी फेटाळले गेले, आणि विरोधात मत देणाऱ्यांत तो फिरकी गोलंदाजही होता. सुपर ओव्हर असेल तर ती आपल्यालाच टाकायला मिळेल, असे त्याला वाटते.